दगडाला बांधलेलं लाळेरं

धोंडीराम तळभंडारे जपानला जाऊन आला, ही गोष्ट सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या त्या चाळीला पचायला पंधरा दिवस लागले. अहो, जपान म्हणजे काय बार्शी नव्हे. मिलच्या रिंग खात्यात तीस वर्षं सूत काढलेला माणूस, उभ्या आयुष्यात पुण्याच्या पुढं गेला नव्हता, तो एकदम विमानात बसला आणि बारा दिवस परदेशात राहून आला. तिकडच्या एका बौद्ध मंडळानं महाराष्ट्रातल्या दहा उपासकांना जुनी बुद्धमंदिरं बघायला बोलावलं होतं. सोलापूरच्या वाट्याला जागा एकच आली, म्हणून विहारात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली धोंडीरामची. मास्तर लोक, वकील, म्युनिसिपालटीतले कारकून, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

पण माणूस तसा लायक होता, हे कुणालाही कबूल करावं लागेल. विहाराचा पाया खणताना पहिली कुदळ मारणाऱ्यांत तो होता. दर पौर्णिमेला वंदनेला सगळ्यांच्या आधी हजर. आणि नियमाला असा कडक की विचारू नका. चाळीत कुणी दाराला चोरून लिंबू-मिरची टांगली की हा स्वतःच्या हातानं तोडून गटारात फेकायचा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आळीतल्या घराघरातले देव पोत्यात भरून सीना नदीत सोडायला हाच पुढं होता. माणसं त्याला मान द्यायची, आणि जरा लांबूनच जायची.

परत आल्यावर मात्र रोज संध्याकाळी त्याच्या दारापुढं बैठक भरायला लागली. कुणाला जपानी घड्याळाची किंमत हवी होती, कुणाला तिकडं भात कशाशी खातात ते हवं होतं. रिंग खात्यातला त्याचा जोडीदार बिरप्पा तर रोज यायचा आणि रोज तीच गोष्ट नव्यानं ऐकायचा.

"नारा म्हणून गाव हाय," धोंडीराम सांगायचा. "तितं बुद्धाची बसलेली मूर्ती हाय, पन्नास फूट उंच. बाराशे वर्सं झाली ओतून. आन त्याच देवळात एका लाकडी खांबाला खाली भोक हाय, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातनं जो आरपार निघंल त्याला म्हणं ज्ञान मिळतंय."

"मग निघालास का बे तू?" बिरप्पा विचारायचा.

"अर्ध्यात अडकलो. आमचा म्होरक्या नागपूरचा प्राध्यापक हुता, त्यानं पाय धरून मागं वडला."

"म्हंजे अर्धं ज्ञान मिळालं म्हण की!"

सगळी हसायची. मग पाच मजली लाकडी मनोरा, त्याचं तेराशे वर्षांचं लाकूड, त्याला वाळवी कशी लागली नाही याची चर्चा. रंभाबाई, धोंडीरामची बायको, आतून चहाच्या कपबश्या आणून ठेवायची आणि उंबऱ्याच्या आत बसून ऐकायची. ती काही विचारायची नाही. तिनं कधीच काही विचारलं नव्हतं, हा त्या घराचा रिवाजच होता म्हणा ना.

आणि रोज गोष्ट क्योतो गावापर्यंत आली की धोंडीराम थांबायचा. "तितंबी लई देवळं हायत," एवढं म्हणून तो उठायचा, धोतर झटकायचा. लोकांना वाटायचं, दमला असेल. दमला कसला! क्योतोच्या तिसऱ्या दिवशी त्यानं जे केलं होतं ते जगातल्या एकाच माणसाला सांगायला हवं होतं, आणि ते माणूस उंबऱ्याच्या आत बसलेलं होतं. तिला सांगितलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, न सांगितलं तर गिळलेला घास खाली उतरत नाही. बारा दिवसांच्या परदेशानं या माणसाची अशी गत करून ठेवली होती.

कारण सांगायचं तर चोवीस वर्षं मागं जावं लागतं.

लग्नानंतर आठ वर्षांनी, बावन्न सालच्या श्रावणात, रंभाबाईला मुलगी झाली. दहा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, धोंडीरामची बहीण केम गावाहून रेल्वेनं येणार होती, पाळणा शेजारणीकडून मागून आणलेला होता. दहाव्या दिवशी सकाळी पोर अंगावर पिता पिता निपचित पडली आणि गेली. धोंडीरामनं तिला फडक्यात गुंडाळून ओढ्याच्या काठाला नेलं, हातानं खड्डा केला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर गेला. जागा कुठली ते रंभाबाईनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पाळणा शेजारणीला परत गेला. त्यानंतर त्या दोन खोल्यांत दोनच माणसं राहिली, आणि ती पोर कधी झालीच नव्हती अशी वागत राहिली.

एकदाच काय ते झालं. धम्म घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणातल्या त्याच दिवशी, रंभाबाईनं वाटीभर दूध दारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ठेवलं. धोंडीराम कामावरून आला, त्यानं वाटी बघितली आणि त्याचं डोकंच फिरलं. नळावर चार बाया होत्या, त्यांच्यादेखत त्यानं ते दूध मोरीत ओतलं. "मेलेल्याला दूध पाजायचं सोडलंय आपण," तो गरजला. "शपथ घेतलीया. विसरलीस व्हय?" रंभाबाईनं वाटी घासली आणि फळीवर पालथी घातली. पुन्हा कधी दूध ठेवलं नाही. धोंडीरामला तेव्हा वाटलं, बायको शहाणी आहे, लवकर समजली.

आता क्योतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना एका लांबलचक देवळात नेलं होतं. आत एका रांगेमागं एक, उभ्या राहिलेल्या एक हजार एक मूर्ती, माणसाएवढ्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. बरोबर ओगावाबाई म्हणून पन्नाशीच्या जपानी बाई होत्या, त्या हिंदी शिकलेल्या, म्हणून दुभाषी. त्या म्हणाल्या की इथली माणसं असं सांगतात, या हजार तोंडांत नीट शोधलं तर आपल्या गेलेल्या माणसाचं तोंड सापडतं. प्राध्यापक हसले. "बघा, महायानात कशा कल्पना शिरल्या आहेत," म्हणाले, आणि वहीत टिपून घेतलं. बाकीचेही आपापल्या आईबापांची तोंडं गमतीनं शोधू लागले.

धोंडीरामही बघत होता. आणि रांगेच्या मध्यावर येईतो त्याच्या लक्षात आलं की आपण आई शोधत नाही, बापही शोधत नाही. आपण त्या पोरीला शोधतोय. आणि शोधणार काय, कपाळ? तिचं तोंडच त्याला आठवत नव्हतं. मूठ आठवत होती, फडक्याचा रंग आठवत होता, पण तोंड नाही. हजार मूर्ती शांत उभ्या होत्या आणि हा छप्पन वर्षांचा माणूस त्यांच्यापुढं घामाघूम झाला. परक्या देशात, नऊ ओळखीच्या माणसांत, आपल्याइतकं एकटं कुणी नाही असं त्याला वाटलं. हॉटेलात त्या रात्री तो जेवलाच नाही.

तिसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला एक लहान देऊळ होतं. प्रसिद्ध नव्हतं, वाटेत होतं म्हणून बस थांबवली. आवारात झाडं लालभडक झालेली, पाचोळा पडलेला, आणि एका बाजूला उतारावर दगडी बाहुल्यांसारख्या मूर्ती, गुडघ्याएवढ्या, शंभर-दीडशे तरी. तोंडं गोल, डोळे मिटलेले. आणि बहुतेकींच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं. तान्ह्या लेकराला बांधतात ना, तसंच लाळेरं. काहींच्या डोक्यावर विणलेल्या टोप्या होत्या, एकीच्या पायाशी भिरभिरं खोचलेलं.

"ये क्या है?" धोंडीरामनं ओगावाबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, हा जिझो. लहानपणी गेलेल्या मुलांना सांभाळणारा. आईबाप येऊन लाळेरं बांधतात, मूल तिकडं एकटं पडू नये म्हणून.

प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं, चला म्हणाले, पुढं जेवण आहे. सगळे बसकडं निघाले. धोंडीराम निघाला नाही. याच माणसानं लोकांच्या दाराच्या लिंबू-मिरच्या तोडल्या होत्या, हे लक्षात ठेवा. तो ओगावाबाईंच्या मागं गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरेको भी एक बांधना है."

बाईंनी काही विचारलं नाही. देवळातून एक लाळेरं घेऊन आल्या. धोंडीरामनं ते सवयीनं बोटांत चोळून बघितलं. सूत जाड होतं, टिकणारं. त्यानं रांगेच्या शेवटी एक उघड्या गळ्याची मूर्ती होती तिच्यापुढं बसकण मारली आणि लाळेऱ्याची गाठ मारायला लागला. तीस वर्षं तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा हात, पण गाठ काही बसेना. आईबापांची आधीची पोरं जगत नव्हती म्हणून त्याचं नाव धोंडी ठेवलं होतं, दगडाला मरण धरत नाही म्हणून. आणि आता तो एका दगडाला लेकरू समजून लाळेरं बांधत होता आणि ढसाढसा रडत होता.

म्हातारा पुजारी आला. त्यानं उदबत्ती लावली, मूर्तीवर लाकडी पळीनं पाणी घातलं, मंत्र म्हटले. मग मधेच थांबून काहीतरी विचारलं.

"नाम पूछते हैं," ओगावाबाई म्हणाल्या. "बच्चे का नाम."

नाव! नाव नव्हतंच. बारसं व्हायला दोन दिवस कमी पडले होते. पुजारी वाट बघत होता, खाली बसचा भोंगा वाजत होता. "सुजाता," धोंडीराम म्हणाला. कुठून आलं देव जाणे. विहारात पोरींना ठेवतात त्यातलं एक नाव, तोंडाला आलं ते सांगितलं. पुजाऱ्यानं ते आपल्या उच्चारात तीनदा म्हटलं, आणि झालं. ओगावाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बसमध्ये कुणालाच काही कळलं नाही.

तर हे होतं पोटात. परत आल्यावर पहिल्याच दिवशी तो रंभाबाईला सांगणार होता. ती चुलीपुढं बसली होती, तो जवळ जाऊन पाटावर टेकला.

"अगं, क्योतोला..." त्यानं सुरुवात केली.

रंभाबाईनं मान वर केली. "काय?"

"तितं चहा हिरवा असतोय. दूध घालत न्हाईत."

"बरं," रंभाबाई म्हणाली, आणि काटक्या सारल्या.

असं चार-पाच वेळा झालं. एकदा कंबर तलावाकाठी फिरायला घेऊन गेला तिला. एवढ्या वर्षांत बायकोला फिरायला नेलं नव्हतं, तीच बिचारी घाबरली, म्हणाली, "तब्येत बरी हाय न्हवं तुमची?" त्यानं शेंगा घेतल्या, दोघांनी बाकावर बसून खाल्ल्या, टरफलं कागदात गोळा केली आणि घरी आले. सांगायचं राहूनच गेलं. पोरगी गेल्याचं दुःख तो सांगू शकला असता, हो. पण मोरीत ओतलेल्या दुधाचं काय करायचं? तिला वाटीभर दूध ठेवू दिलं नाही, आणि स्वतः सात समुद्रापार जाऊन उदबत्ती, पाणी, मंत्र सगळं करून आला. हे तोंडानं बोलायचं कसं? बैठकीत वीस माणसांपुढं घडाघडा बोलणारा धोंडीराम घरात येऊन मुका व्हायचा.

जानेवारी लागला. एके दिवशी पहिली पाळी करून तो साडेतीनला घरी आला. हातपाय धुतले, केसांतला कापूस झटकला, पाटावर बसला. रंभाबाईनं ताट वाढलं. भाकरी, शेंगाची चटणी, वाटीत डाळ. आणि ताटाशेजारी एक फोटो ठेवला.

रंगीत फोटो. लाल झाडं, दगडी मूर्तींची रांग, आणि एका मूर्तीपुढं बसलेला धोंडीराम, दोन्ही हात तिच्या गळ्याशी. ओगावाबाईंनी कधी काढला त्याला पत्ता नव्हता. जाड पाकीट फळीवर होतं, परदेशी तिकिटांचं, आतलं पत्र तसंच घडीचं. रंभाबाईला वाचता येत नव्हतं, पण फोटो बघायला शाळेत जावं लागत नाही.

"हे तुमीच की," ती म्हणाली.

"व्हय."

"काय बांधताय?"

"लाळेरं."

"दगडाला?"

"तितं थंडी लई असती, म्हणून ती लोकं..." धोंडीराम वाटीतली डाळ उगीच ढवळत म्हणाला.

"अवं, मी काय पाच वर्साची पोर हाय व्हय?" रंभाबाई म्हणाली. "रडताय तुमी ह्यात. मी तुमाला रडताना बघितलं न्हाई कवा. तुमची आई गेली तवा न्हाई, आन..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

मग त्यानं सांगितलं. ताटातल्या भाकरीकडं बघत सगळं सांगितलं. हजार मूर्ती, तोंड आठवेना ते, उतारावरचे दगड, बसचा भोंगा. "तिच्यासाठी बांधलं," तो शेवटी म्हणाला. चोवीस वर्षांत त्या घरात 'ती' म्हणून कुणी बोललं नव्हतं. रंभाबाई भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

तिनं फोटो उचलून उजेडाकडं धरला.

"पूजा केली?"

"तितल्या भंतेनं मंत्र म्हटलं. उदबत्ती लावली. पानी घातलं."

"दूध?"

"न्हाई. पानी."

"मला वाटीभर दूध ठिवू दिलं न्हाई तुमी," रंभाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझी छाती भरून दुखायची, ती गेल्यावर पंधरा दिवस दूध येत हुतं. मोरीत पिळायची मी. पुढं पाच वर्सांनी एक वाटी ठिवली, तीबी तुमी मोरीतच वतली. चार बायांच्या म्होरं. मी म्हटलं, असंल, शपथ घेतलीया माणसानं. शपथ मोठी असंल. मग हे काय केलं?"

"चुकलो मी."

"पयल्यांदा ऐकतेय."

"लई चुकलो, रंभा."

बाहेर नळावर कुणाची तरी कळशी आदळली, कुणी तरी कुणाला तरी शिव्या दिल्या. धोंडीरामच्या पुढ्यातली भाकरी तशीच होती.

"नाव इचारलं असंल की तितं," रंभाबाई म्हणाली.

"इचारलं."

"काय सांगितलं?"

"सुजाता."

"ही कोण?"

"सुजाता म्हंजे, बुद्धाला जिनं खीर दिली..."

"ते ठावं हाय मला. विहारात मीबी बसते की मागं. आपल्या घरात ही कोण, म्हणून इचारते."

"अगं, नाव न्हवतंच की तिला. बारसं कुटं झालं हुतं?"

"झालं हुतं," रंभाबाई म्हणाली.

धोंडीरामनं ताटावरची नजर वर केली.

"तुमी फडकं आणाय गेलासा शेजारी. ती माझ्या मांडीवर हुती. अजून गार पडली न्हवती. मी तिच्या कानाला तोंड लावलं, कुर्र केलं आन नाव सांगितलं. आत्यानं करायचं असतंय ते, आईनं न्हाई. पर आत्या दोन दिवसांनी येणार, आन तुमी तर उचलूनच न्यायला आलेला. बिननावाची कशी धाडू म्हटलं."

"मला कसं सांगितलं न्हाईस गं?"

"तुमी कवा इचारलं?"

त्यानं ताट बाजूला सारलं. "काय ठेवलं नाव?"

रंभाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी चिडताल."

"न्हाई चिडत. सांग."

"तुळजा," ती म्हणाली. मग भराभरा बोलायला लागली, कुणी मधे तोडेल म्हणून भ्याल्यासारखी. "आठ वर्सं कूस उजवत न्हवती. तुळजापूरला नवस बोलले हुते मी, तुमच्या आईसंगं चालत जाऊन. पोरगी झाली तर तुजंच नाव ठिवीन म्हटलं. दिली तिनं. दहा दिवस का हुईना, दिली. मग छप्पन साली तुमी देव नदीला नेलं. मी अडवलं न्हाई. बाबासायबांनी सांगितलं ते खरंच हाय, आपल्याला त्या देवांनी काय दिलं, मलाबी कळतंय. पर त्या दिवशी माझ्या पोरीचं नावबी त्या पोत्यात गेलं. ह्या घरात ते तोंडातनं काढायची सोय ऱ्हायली न्हाई. मग मी मनात म्हणाय लागले. भाकरी थापताना म्हणते. नळाला रांगेत हुबी ऱ्हायले की म्हणते. तुमी जपानला गेलासा तवा बारा दिवस घरात कोण न्हवतं, तरीबी मोठ्यानं काढलं न्हाई. भिंती तुमच्याच की."

धोंडीरामनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. लोकांच्या दाराचं काय काय तोडत फिरलो आपण, आणि आपल्याच घरात काय तुटून पडलंय ते दिसलं नाही. त्याला वाटलं, उठून कुठं तरी निघून जावं. पण जायला कुठं होतं?

"ओगावाबाईला पत्र लिवतो," तो म्हणाला. "मास्तरकडनं हिंदीत लिवून घेतो. नाव बदला म्हणून सांगतो. भंते परत मंत्र म्हणतील, बरोबर नावानं."

"नगं," रंभाबाई म्हणाली. "तुमची तितं हाय, सुजाता. थंडीची, लाळेरं बांधून. ऱ्हाऊ द्या तिला तितंच. माझी येगळी हाय."

तिनं फोटो पाकिटात घातला, पाकीट फळीवर ठेवलं, त्याचं ताट उचललं. "डाळ गार झाली. गरम करून आणते, भाकरीबी ताजी थापते," म्हणाली आणि आतल्या खोलीत चुलीकडं गेली.

धोंडीराम एकटाच बसून राहिला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींना सकाळचे हार. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला, मग पिठाचा गोळा थापल्याचा. बायको आत्ताही ते मनात म्हणत असेल, हे त्याला कळलं. इतकी वर्षं ते थापणं त्यानं भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि त्याला नुसती भाकरी ऐकू आली होती. दोन खोल्यांच्या घरात एका बाईनं चोवीस वर्षं एकटीनं लेक वाढवली, आणि तिचा बाप पलीकडच्या खोलीत होता.

त्यानं ओठ हलवून बघितले. आवाज फुटेना. विहारात शे-दोनशे माणसांपुढं वंदना म्हणणारा गळा, पण हे एक नाव बाहेर निघेना. चाळीतलं कुणी ऐकलं तर काय म्हणेल, हेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. धोंडीराम तळभंडारेच्या घरातून देवीचं नाव! त्यानं दार लोटायला हात पुढं केला, आणि मग तसाच मागं घेतला. दार उघडंच राहू दिलं.

"तुळजा," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला.

आतलं थापणं थांबलं.

रंभाबाई दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांना ओलं पीठ होतं, डोळ्यांचं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती दंडानं गाल पुसत होती आणि ते तसंच परत ओघळत होतं.

"परत म्हणा," ती म्हणाली. "दुसऱ्या माणसाच्या तोंडून कसं वाटतंय, ते मी ऐकलंच न्हाई कवा."